बोटं पांढरी पडतात, पण आधी नाण्याचं बघा

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे फेटलिंगला, म्हणजे ओतीव नग घासून साफ करायला आहे, नगावर. नऊ वर्षं झाली. थंडीत सातच्या शिफ्टला मोटरसायकलवर येतो तेव्हा दोन्ही हातांची मधली बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक पडतात. पंधरा-वीस मिनिटांनी लाल होतात आणि ठणकतात. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हल्ली खिशात हात घातला की नाणं रुपयाचं की दोनचं ते कळत नाही, बाहेर काढून बघावं लागतं. डाव्या हाताला जास्त त्रास आहे. मेडिकलवाल्यानं बी-१२च्या गोळ्या दिल्यात. आई म्हणते रक्त कमी आहे, चुलीपाशी बसून शेक घे. सोबतचे म्हणतात ग्राइंडरवाल्यांचं असंच असतं. कंपन थांबवणारे हातमोजे ऑनलाइन मिळतात, ते घेऊ का? घराचा हप्ता आहे, काम सोडणं परवडणार नाही. दिवसभर सात इंची हँड ग्राइंडर असतो, वाळू चिकटलेल्या नगांना एअर चिपर, म्हणजे हवेवर चालणारी छिन्नी, लावतो. विडी ओढत नाही, तंबाखू खातो.
ता. क. भाऊ उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हंगामात त्याची कंबर धरते. तेही याचंच का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ नाण्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हातातल्या यंत्राच्या कंपनानं हातात दोन गोष्टी वेगवेगळ्या बिघडतात. एक म्हणजे बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या. थंडी लागली की त्या गरजेपेक्षा फार जास्त आकसतात. बोट पांढरं पडतं, मग निळसर होतं आणि रक्त परत आलं की लाल होऊन ठणकतं. दुसरी म्हणजे स्पर्श मेंदूला कळवणारे मज्जातंतू. ते हळूहळू निकामी होत जातात. पांढरं बोट बघून माणूस घाबरतो, पण कंपन आणि तंबाखू थांबली तर हा त्रास काही वर्षांत बऱ्याच जणांचा कमी होतो. मज्जातंतूंचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि एका टप्प्यापुढे गेलं की बहुतेक तसंच राहतं. बोटाला नाणं ओळखता न येणं हे त्या टप्प्याच्या जवळ आल्याचं लक्षण आहे.

आपल्याकडे हा आजार लक्षात येत नाही याचं कारणही यातच आहे. सांगली-मिरजेला बोचरी थंडी पडते ती जेमतेम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. उरलेलं वर्षभर बोटं पांढरी पडायला निमित्तच मिळत नाही. उष्ण प्रदेशात हा त्रास मुख्यतः मुंग्या आणि बधिरपणा याच रूपानं पुढे येतो. त्यामुळे सोबतच्या ज्यांची बोटं पांढरी पडत नाहीत, त्यांचे हात चांगले आहेत असं धरून चालू नका. काम थांबल्यावर वीस मिनिटांनंतरही हात झिणझिणत राहत असतील तर ती सुरुवात आहे.

डावा हात जास्त का? ग्राइंडरचं साइड हँडल डाव्या हातात असतं म्हणून. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या छिन्नीवर काम करणारे चुनखडीचे पाथरवट तपासले. थंड सकाळी त्यांची बोटं अशीच पांढरी पडत होती आणि छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडलेला होता. म्हणजे वैद्यकाला हे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ‘ग्राइंडरवाल्यांचं असंच असतं’ हे सोबत्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण म्हणून ते सोसायचं असतं असं नाही.

डॉक्टर याच्या पायऱ्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोम पट्टीवर मोजतात. रक्तवाहिन्यांची पायरी वेगळी आणि मज्जातंतूंची वेगळी, तीही प्रत्येक हाताची. बोटांची फक्त टोकं कधीमधी पांढरी पडली तर पहिली पायरी, मधल्या पेरापर्यंत गेलं तर दुसरी, बहुतेक बोटं मुळापर्यंत आणि वारंवार पांढरी पडू लागली तर तिसरी. त्याच्याच जोडीला बोटांच्या टोकांची कातडी खराब होऊ लागली की चौथी. तुमचं वर्णन दुसऱ्या पायरीचं आहे. मज्जातंतूंच्या बाबतीत येऊन-जाऊन बधिरपणा ही पहिली पायरी, स्पर्श कमी कळणं ही दुसरी, आणि बारीक वस्तू ओळखता-हाताळता न येणं ही तिसरी. तुम्ही दुसरीत आहात, कदाचित तिसरीच्या उंबऱ्यावर. नेमकं कुठे ते तपासणीतच कळेल. तिसरीवर गेलेल्या माणसानं कंपनाचं हत्यार हातात घेऊच नये, असा सल्ला दिला जातो.

रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं याचा आणखी एक अर्थ निघतो. मनगटातल्या बोगद्यात मधली नस दाबली जाते, त्याला कार्पल टनेल म्हणतात. कंपनाची आणि जोरानं पकडायची कामं करणाऱ्यांना ते बरेचदा होतं. त्यात अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. उद्या रात्री जाग आली की करंगळी बधिर आहे का ते नीट बघा आणि लिहून ठेवा. हे वेगळं ओळखायला हवं, कारण याला इलाज आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, गरज पडली तर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया. वेळेत केलं तर त्या भागाचा बधिरपणा बराच कमी होतो. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग बसायला लागला असेल तर मात्र उशीर होत चालला आहे असं समजा.

आता डॉक्टरकडे. मेडिकलच्या दुकानातल्या गोळ्यांवर भागवू नका. बी-१२ कमी असेल तर त्या उपयोगी पडतील, पण कमी आहे का हे रक्त तपासल्याशिवाय कळणार कसं? आधी एमडी मेडिसिन डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर तुमचं काम लिहायला सांगा : ‘फाउंड्रीत फेटलिंग, हँड ग्राइंडर व एअर चिपर, ९ वर्षे’. ही ओळ नसेल तर डॉक्टर मानेचे मणके किंवा अशक्तपणा एवढ्यावरच थांबायची शक्यता असते. रक्तात साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, आणि सांध्यांच्या आजारांसाठी एएनए व आरए फॅक्टर बघायला हवं. दोन्ही हातांची एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगानं जातो ती चाचणी, मिरजेत होते. कार्पल टनेल त्यात दिसतं. बोटांच्या टोकांचं नुकसान मात्र एनसीव्हीत नेहमी दिसत नाही, म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी नाण्याची गोष्ट डॉक्टरांना सांगाच. पांढरं बोट डॉक्टरांसमोर पडेलच असं नाही, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पांढऱ्याची आणि चांगल्या कातडीची सीमारेषा दिसेल असा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या गोळ्यांनी बोटं जास्त गार पडतात, डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात. स्वतःहून बंद करू नका.

ठेकेदाराकडे असलात तरी ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होऊ शकतो. महिन्याचा पगार २१ हजार रुपयांच्या आत असेल तर विमा क्रमांक मागा. त्या दवाखान्यात नोंद झालेला प्रत्येक कागद जपून ठेवा.

तुमच्या दिवसाचा हिशेब मांडू, कारण काम सोडायचं की बदलायचं हे त्यावरच ठरतं. कंपन ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ यात मोजतात. ब्रिटनमध्ये कामगारांसाठी गुणांची सोपी रीत आहे. कंपनाचा आकडा त्याच आकड्यानं गुणायचा, आलेल्याची दुप्पट करायची आणि हत्यार प्रत्यक्ष चालू असलेल्या तासांनी गुणायचं. दिवसाला १०० गुण झाले की मालकानं उपाय सुरू करायचे, ४०० च्या वर जायचंच नाही. या मर्यादा युरोपच्या २००२च्या निर्देशातून आलेल्या आहेत, ब्रिटनमध्ये २००५पासून कायद्यात आहेत. जुन्या धाटणीच्या अँगल ग्राइंडरचं कंपन साधारण ८ धरतात, नव्या कमी कंपनाच्या यंत्राचं ४. फाउंड्रीतल्या चिपरचं १८, आणि चांगलं यंत्र शिकलेल्या हातात असेल तर १०.

समजा ग्राइंडरचं बटण दिवसात साडेतीन तास दाबलेलं असतं आणि चिपर अर्धा तास. जुना ग्राइंडर तासाला १२८ गुण, साडेतीन तासांचे ४४८. चिपर तासाला ६४८, अर्ध्या तासाचे ३२४. एकूण ७७२, म्हणजे कमाल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. अर्धा तासच तर चिपर चालवतो असं वाटतं, पण तो अर्धा तास ग्राइंडरच्या अडीच तासांइतका महागात पडतो. आकडा स्वतःशीच गुणला जातो, त्याचा हा परिणाम. आणि त्याचाच फायदाही घेता येतो. कंपन निम्म्यावर आणलं तर गुण एक चतुर्थांशावर येतात. तोच साडेतीन तासांचा ग्राइंडर ४ चा असेल तर ११२ गुण. चिपर १० चा आणि फक्त दहा मिनिटं, तर ३३. एकूण १४५. नग तेवढेच काढून.

कंपन मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ५३४९ मध्ये, एक ठोकताळा दिलेला आहे. रोज ७७२ गुणांचं काम करणाऱ्या गटातल्या दहा टक्के लोकांची बोटं साधारण चार वर्षांत पांढरी पडू लागतात. रोज १०० गुणांच्या कामाला तेवढ्यासाठी बारा वर्षं लागतात. हा अंदाज गटाचा आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही. तुमची मिनिटं तुम्ही स्वतः मोजा. मोबाइलच्या घड्याळावर दहा नगांना प्रत्यक्ष व्हील लागलेला वेळ बघा, सरासरी काढा, दिवसाच्या नगांनी गुणा. चहा, नग फिरवणं, व्हील बदलणं यात धरायचं नाही.

हातमोज्यांबद्दल स्पष्टच सांगतो, त्यांच्या भरवशावर राहू नका. कंपन कमी करणारे मोजे खरे असतात, त्यांची चाचणी आयएसओ १०८१९ प्रमाणे होते, पण ते मुख्यतः सेकंदाला दीडशे-दोनशेच्या वरची बारीक थरथर अडवतात. सात इंची ग्राइंडर मिनिटाला ८५०० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १४२. तिथे फायदा थोडाच. चिपरचे ठोके सेकंदाला तीस ते साठ, तिथे मोजा घातला न घातला सारखंच. उलट जाड मोज्यात पकड सैल वाटते म्हणून माणूस हत्यार जास्त आवळतो आणि कंपन हातात जास्त शिरतं. मोजे घ्या ते हात गरम आणि कोरडे ठेवायला. बसणारे घ्या, फार जाड नकोत.

खरा फरक हत्यारात आहे. प्लग काढा, व्हील उतरवा, मग प्लग लावून ग्राइंडर नुसता चालवून बघा. व्हीलशिवायही थरथरत असेल तर बेअरिंग गेलंय किंवा स्पिंडल, म्हणजे व्हील फिरवणारा दांडा, वाकलाय, ते दुरुस्तीला द्यायलाच हवं. व्हीलसकटच थरथरत असेल तर दोष व्हीलमध्ये किंवा फ्लँजमध्ये, म्हणजे व्हील आवळून धरणाऱ्या चकतीत आहे. फ्लँजवरची किट आणि लोखंडाचा कीस पुसा, फ्लँजचं तोंड सपाट आहे का बघा. झिजलेल्या फ्लँजवर नवं व्हीलही डुगडुगतं. बदलायला फ्लँज स्वस्त आहे, तरी शॉपमध्ये तोच वर्षानुवर्षं चालवला जातो. व्हील अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवलं तर कधीकधी तोल सुधारतो. व्हीलच्या भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर ‘व्ही’नंतर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती मुदत. रेझिनची व्हील ओल धरतात, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर ठेवलेलं व्हील एका बाजूनं जड होतं आणि कमकुवतही होतं. पडलेलं व्हील वापरू नका. नवं व्हील गार्ड लावून, माणसांपासून दूर, मिनिटभर मोकळं चालवा, मगच नगाला लावा.

साइड हँडल काढून ग्राइंडर चालवायची सवय बऱ्याच शॉपमध्ये दिसते, कोपऱ्यात जाता येतं म्हणून. ती मोडा. रबर बसवलेलं कंपनरोधक हँडल मागा. सात इंची ग्राइंडर पाचेक किलोचा असतो, तो वर स्प्रिंग बॅलन्सरला टांगला तर हाताला नुसता दिशा द्यायची उरते. नगावर दाबावं लागत असेल तर व्हील गुळगुळीत झालंय किंवा चुकीचं आहे. बिडाच्या नगाला सिलिकॉन कार्बाइड किंवा झिरकोनिया व्हील लवकर कापतं. पेडेस्टल ग्राइंडरवर, म्हणजे जमिनीवर पक्क्या बसवलेल्या ग्राइंडरवर, छोटे नग हातात धरून घासत असाल तर तिथेही कंपन नगातून थेट बोटांत येतं, त्याला फिक्श्चर, म्हणजे नग धरून ठेवणारी पकड हवी.

चिपर का लागतो, हे मात्र मोल्डिंगवाल्यांना, म्हणजे साचे बनवणाऱ्यांना, विचारायला हवं. वाळू जळून चिकटते ती कोअरला (नगातली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला) कोटिंग नीट नसल्यानं किंवा वाळू भुसभुशीत ठोकल्यानं. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर, जाड बर (जादा लोखंडाची कड) येते ती मोल्ड बॉक्सच्या पिना आणि बुशा झिजल्यानं. हे सुधारलं की फेटलिंगची मिनिटं आपोआप घटतात, व्हीलचा खर्चही घटतो. मालकाशी बोलताना हीच बाजू पुढे करा, कारण त्यात त्यांचाही पैसा वाचतो. ‘माणसं आलटूनपालटून लावू’ असं उत्तर आलं तर प्रत्येकाचे गुण काढून मागा. सगळे १०० च्या खाली येत असतील तर उत्तम. नाहीतर एकाच्या जागी तिघांचे हात बिघडतील.

तुमच्यापुरतं सांगायचं तर चिपर उद्यापासून पूर्ण बंद करा. ग्राइंडर तपासणी होईपर्यंत एका वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको आणि दिवसाचे गुण १०० च्या आत ठेवा. जुन्या ग्राइंडरवर म्हणजे दिवसात फार तर पाऊण तास. नगावर पगार असताना हे किती कठीण आहे याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून राजीनामा देऊ नका, डॉक्टरांकडून ‘कंपनाचं हत्यार देऊ नये’ अशी लेखी शिफारस घ्या आणि काम बदलून मागा. शॉट ब्लास्ट मशीन, तपासणी, कोअर शॉप, पेंटिंग, मशीन शॉप, फाउंड्रीत हातांना हादरे न देणारी कामं असतात. शिफारशीची एक प्रत ठेकेदाराला द्या, एक कंपनीला, आणि दोन्हींची पोच घ्या.

तंबाखू सोडा. विडी ओढत नाही म्हणून सुटका नाही. चुना-तंबाखूतलं निकोटिनही रक्तात जातं आणि त्याच बारीक वाहिन्या आकसवतं. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. सकाळी मोटरसायकलवर नुसते हातमोजे पुरत नाहीत, कारण अंग गारठलं की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा तोडतं. छातीवर वारा अडवणारं जाकीट, कानाला मफलर आणि हँडलला कव्हर, तिन्ही हवं. हँडलची थरथरही त्यात भर घालते. जमलं तर थंडीचे दोन महिने बसनं किंवा कुणाच्या मागे बसून या. शॉपमध्ये चिपरची गार हवा कुणाच्याही हातावर येत असेल तर तिची दिशा बदलून घ्या.

बोटं पांढरी पडली की आडोशाला जा, दोन्ही हात खांद्यातून गोल फिरवा, काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. आईंना सांगा, चुलीचा शेक नको. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि भाजून जखम होते. पाणी किती गरम आहे तेही कोपरानं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातानं बघून घ्या. तेलानं चोळायला हरकत नाही, पण त्यानं मज्जातंतू परत येत नाहीत. त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टर निफेडिपिनसारखं वाहिन्या सैल करणारं औषध देतात. बोटाच्या टोकाला न भरणारी जखम झाली, टोक काळं पडलं किंवा एकच बोट तासाभरानंही रंगावर आलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एकदा कानांचीही तपासणी करून घ्या. पांढऱ्या बोटांच्या कामगारांत ऐकू कमी येण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

भावाच्या कंबरेचं कारण वेगळं, पण जात तीच. तिथे हादरे सीटमधून मणक्याला बसतात. पूर्ण शरीराच्या कंपनासाठी त्याच युरोपीय निर्देशात ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाला उपाय आणि १.१५ ला कमाल मर्यादा ठरलेली आहे. शेतातल्या कच्च्या वाटेवर रिकामी ट्रॉली घेऊन वेगात पळवला की ट्रॅक्टर त्याच्या वर सहज जातो. भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकाम्या फेरीचा वेग जास्त, म्हणून नुकसानही तिथेच जास्त. सीटखालची स्प्रिंग चालकाच्या वजनाला लावायचा नॉब असतो, तो गंजून बसलेला असला तर सोडवून वजनाप्रमाणे लावा. स्प्रिंग तळाला टेकत असेल तर सीट बदला, वर नुसती उशी घालून उपयोग नाही. टायरमधली हवा कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवा. मागे वळून सतत ट्रॉली बघावी लागते, त्यात मणका पिळलेला असताना हादरा बसतो. दोन मोठे आरसे लावले तर ते बरंच टळतं. कारखान्याच्या गेटवर रांगेत तासन् तास सीटवरच न बसता उतरून चालावं, आणि ट्रॅक्टरवरून उतरल्या उतरल्या ऊस किंवा दोरखंड उचलू नये, पाच-दहा मिनिटं चालून मग उचलावं. कळ मांडीतून गुडघ्याखाली उतरत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही पाय जड पडले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर फेरी तिथेच सोडून थेट मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.